‘मुलांचे खेळ’ म्हणून सोडून देऊ नका

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा. मे महिन्यात गावाहून आल्यापासून रात्री अंथरूण ओलं करतो. दिवाळीला गावी जायचं म्हटलं की त्याचं पोट दुखतं. परवा म्हणाला, ‘दादा माडीवर नेऊन दार लावतो, नको तिथे हात लावतो. सांगितलंस तर सायकल देणार नाही म्हणतो.’ दादा म्हणजे माझ्या दिरांचा मुलगा, चौदा वर्षांचा. सासूबाई म्हणतात, मुलांचे खेळ आहेत, घरातलं घरात ठेव. मी उगाच बाऊ करतेय का?

उत्तर : ताई, अजिबात नाही. लहान मुलांना शरीराचं कुतूहल असतं, हे खरं. बरोबरीची दोन मुलं डॉक्टर-डॉक्टर खेळतात, खिदळतात, आईने हाक मारली की उठून दुसऱ्या खेळाला लागतात. इथे सहा वर्षांचं अंतर आहे, लावलेलं दार आहे, सायकलचा धाक आहे आणि मूल घाबरलेलं आहे. याला खेळ म्हणता येणार नाही.

मुलाला आज एवढंच सांगा, ‘तू सांगितलंस ते फार बरं केलंस. तुझी काहीच चूक नाही.’ ‘आधी का नाही बोललास?’ हे ओठांवर येईल, ते गिळून टाका. आजी, काका, आत्या यांच्यापुढे त्याला पुन्हा पुन्हा बोलायला लावू नका. दोघांना समोरासमोर तर मुळीच बसवू नका. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा.

मग १०९८ लावा. ही चाइल्ड हेल्पलाइन आहे, फोन मोफत, केव्हाही. २०१२ चा पॉक्सो कायदा, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, मुलींइतकाच मुलांनाही लागू आहे आणि असं काही कळल्यावर पोलिसांना कळवणं घरच्यांवरसुद्धा बंधनकारक आहे. पोलिस म्हटलं की पोटात गोळा येतो, समजतं मला. पण मुलाचा जबाब घरी घेता येतो, पोलिसांनी गणवेशात यायचं नसतं, आणि तुम्ही त्याच्याजवळ बसू शकता. दादाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल. तिथे भर त्याला सुधारण्यावर असतो.

मला त्या चौदा वर्षांच्या पोराचीही काळजी वाटते. त्याच्याशी कुणी असं वागलं असेल, मोबाइलवर नको ते पाहिलं असेल, किंवा यातलं काहीच नसेल. ते समुपदेशकाला शोधू द्या. चोप दिल्याने हे थांबत नाही, लपून चालू राहतं. वेळेवर मदत मिळाली तर या वयातली बहुतेक मुलं पुन्हा तसं वागत नाहीत. ‘घरातलं घरात’ ठेवलंत तर ही मदत त्यालाही मिळणार नाही, हे सासूबाईंना जरूर सांगा.

यंदाची दिवाळी तुमच्याच घरी करा. कुणी विचारलं तर ‘आम्ही ठरवलंय’ म्हणा, मुलाचं नाव पुढे करू नका. आणि गावच्या घरात आणखी लहान भावंडं असतील, तर तीही त्याच माडीवर खेळत असणार. त्यांचंही हेल्पलाइनवर पहिल्याच फोनमध्ये सांगा.