प्रोजेक्ट संपल्यावर काय?

‘‘विद्यापीठात नोकरी लागली म्हणते, आणि पत्रात लिहिलंय पूर्णपणे तात्पुरती. मग ही नोकरी कसली, मॅडम?’’ महावितरणमधून निवृत्त झालेले वडील विचारत होते. शेजारी मुलगी गप्प. मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी, नेट (प्राध्यापकपद आणि संशोधन फेलोशिपसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) पास.

पुण्यात मुलांना करिअरचा सल्ला देताना हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. गणेशखिंड ते पाषाण हा पट्टा संशोधनाचाच: विद्यापीठ, त्याच्या आवारातलं पेशींवर संशोधन करणारं एनसीसीएस, पुढे एनसीएल ही रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर ही विज्ञान संस्था. तिथल्या प्रयोगशाळांत रोज काम करणारी बरीचशी मुलं प्रोजेक्टवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या संशोधन अनुदानावर असतात.

वडिलांचा खरा घोळ वेगळाच होता. मुलीला ‘जेआरएफ मिळाली’ असं ते नातेवाइकांना सांगून बसले होते. जेआरएफ, म्हणजे संशोधन करणाऱ्यांना दरमहा मिळणारी कनिष्ठ फेलोशिप, दोन प्रकारची असते. नेटमधून मिळणारी फेलोशिप तुमच्या नावावर असते. पीएचडीला जिथे प्रवेश घ्याल तिथे ती सोबत येते, जास्तीत जास्त पाच वर्षं. प्रोजेक्टवरची जेआरएफ त्या प्रोजेक्टच्या अनुदानातून दिली जाते आणि त्याच्याबरोबरच संपते. हिच्याकडे नेट होती ती फक्त सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेची. प्रोजेक्टवर घ्यायला ती चालते, आणि दरमहा रक्कमही तीच: जानेवारी 2023 पासून 37,000 रुपये, घरभाडे भत्ता वेगळा. म्हणून घरी गैरसमज होतो.

मी तिला म्हटलं, रुजू होण्याआधी प्रोजेक्टच्या सरांना चार गोष्टी विचारून ये. प्रोजेक्टच्या मंजुरीचे किती महिने उरलेत? अनुदानाचा हप्ता अडकला तर स्टायपेंडचं काय होतं? (अडकतो. चार-चार महिने घरून पैसे मागवणारी मुलं मी पाहिली आहेत.) पीएचडीला नोंदणी करता येईल का? आधीची मुलं इथून कुठे गेली? मुलांना हे विचारायचा संकोच वाटतो. माझ्या मते शेवटच्या प्रश्नावर जो गाइड चिडतो, त्याच्याकडे न गेलेलंच बरं.

ती विचारून आली. नऊ महिने शिल्लक, मुदतवाढीचा अर्ज केलेला, खात्री नाही. सरांनी स्पष्ट सांगितलं, हे मला आवडलं.

दुसरी संधी एका हॉस्पिटलच्या संशोधन विभागात होती, स्टडी कोऑर्डिनेटरची. रुग्णांची संमती घ्यायची, फॉर्म भरायचे, नमुने वेळेत पोचवायचे, एथिक्स कमिटीची (रुग्णांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीची) कागदपत्रं सांभाळायची. तिला ही कारकुनी वाटली. तसं नाही, औषध चाचण्यांचा डोलारा याच कामावर उभा असतो आणि ते नीट येणाऱ्याला कंपन्यांतही मागणी असते. वडिलांना मात्र हॉस्पिटल म्हटल्यावर नोकरी पक्की वाटली. तीही कंत्राटीच होती!

तिने प्रयोगशाळा निवडली. पेशी वाढवणं आणि फ्लो सायटोमेट्री (लेझरने पेशी मोजण्याचं, ओळखण्याचं तंत्र) स्वतःच्या हाताने शिकायला मिळणार होती. नऊ महिन्यांत ही दोन तंत्रं पक्की करायची आणि संध्याकाळी जेआरएफसाठी पुन्हा नेटचा अभ्यास, असं ठरलं. वडिलांनी ‘वर्षभर बघू’ म्हणून होकार दिला.

मुदतवाढ आली नाही. नेटमधली जेआरएफही थोडक्यात हुकली. पण फ्लो सायटोमेट्री येते म्हणून दुसऱ्या प्रयोगशाळेने तिला लगेच घेतलं, या वेळी तीन वर्षांच्या नव्या प्रोजेक्टवर, पीएचडीच्या नोंदणीसह. वडील अजून बँकेच्या जाहिराती पाठवतात. ती अर्जाची मुदत उलटल्यावर ‘बघते बाबा’ म्हणून उत्तर देते.