एकाच जुन्या टीव्ही कलाकाराच्या चाहत्यांची मैत्री टिकते का?

तुम्ही विचारलंय की, दूरदर्शनच्या काळातल्या एखाद्या कलाकारावर जीव असणाऱ्या दोघांची मैत्री त्या कलाकाराच्या गप्पा आटल्यावर टिकते का. टिकते. आमची टिकली आहे, आणि गप्पाही आटलेल्या नाहीत.

आमची कलाकार म्हणजे प्रिया तेंडुलकर. १९८५ मध्ये दूरदर्शनवर बासू चटर्जींची ‘रजनी’ ही मालिका लागली तेव्हा मी सोलापुरात, नव्या पेठेत राहायचे, कॉलेजला होते. प्रिया त्यात रजनी झाली होती. साधी गृहिणी, पण कुणी अडवणूक केली की पदर खोचून उभी राहणारी. टॅक्सीवाल्यांवरचा भाग दाखवला तर मुंबईत टॅक्सीवाले निषेधाला उतरले होते, इतकं ते लोकांना लागायचं.

माझी मैत्रीण साखर पेठेतली, पद्मशाली या विणकर समाजातली, घरात तेलुगू बोलणारी. घरातच माग. मागांच्या खडखडाटात टीव्हीवरचं बोलणं तिला धड ऐकूच यायचं नाही. म्हणून ती प्रियाचा चेहरा बघायची. मान कधी ताठ झाली, बोलायच्या आधी किती थांबली, समोरच्यावरची नजर कधी हलली, सगळं तिला पाठ. माझ्याकडे संवाद. दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी वाक्य म्हणायचे आणि ती ते करून दाखवायची. मध्येच म्हणायची, ‘‘थांब गं, इथं ती लगेच बोलली नव्हती.’’ आमच्या दोघींच्याही घरी व्हिडिओ नव्हता. एकदा बघितलं ते बघितलं, निसटलं ते गेलं. मला निसटलेलं तिच्याकडे असायचं, तिला निसटलेलं माझ्याकडे. नुसतं ‘मलाही ती आवडते’ एवढ्यावर ओळख होते. मैत्री या देवाणघेवाणीतून झाली, असं मला मनापासून वाटतं.

लग्नानंतरही दोघी सोलापुरातच राहिलो. एकदा तिचा गॅसचा नंबर लागून कितीतरी दिवस झाले तरी सिलिंडर येईना. दोघी एजन्सीत गेलो आणि नोंदवही दाखवा म्हणून अडून बसलो. तिच्यानंतर नंबर लावलेल्यांना सिलिंडर पोचले होते. ते वहीत बोट ठेवून तिनं दाखवलं, आणि बोलायच्या आधी ती नेमकी तेवढीच थांबली. सिलिंडर संध्याकाळी आला.

१९ सप्टेंबर २००२ ला प्रिया गेली, ४७ वर्षांची होती. मैत्रीण सरळ घरी आली. त्यानंतर मी हिराचंद नेमचंद वाचनालयातून प्रियानं लिहिलेल्या कथा आणू लागले. मैत्रिणीची शाळा तेलुगू माध्यमाची, त्यामुळे मराठी वाचायला तिला वेळ लागायचा; मी मोठ्यानं वाचायचे. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथं आहे. वाचता वाचता मध्येच पुस्तक मिटायचं आणि ती सासूबद्दल, बंद पडलेल्या मागांबद्दल, मुलाच्या नोकरीबद्दल बोलायची. घरात कुणाला न सांगितलेलं मीही तिथंच सांगितलं. प्रियाचं नाव निघालं नसतं तर आम्ही एवढं बोललो नसतो.

वादही आहेत. नव्वदच्या दशकातल्या टॉक शोमधली प्रिया तिला जास्त आवडते, मला रजनीच. यावर ती अजून हटत नाही, मीही नाही.

तुम्हाला असं कुणी भेटलं असेल तर कोणता कलाकार आवडतो हे विचारून थांबू नका. कोणता प्रसंग आठवतो ते विचारा, आणि तुम्हाला आठवतो त्यापेक्षा तो वेगळा निघाला तर लगेच दुरुस्त करू नका, पूर्ण ऐकून घ्या.