‘आयटीआयला घातलं तर शिक्षण तिथेच थांबेल का?’

“मॅडम, झिलाक आयटीआयक घातलंय तर तेचा शिक्षण थयच संपला ना? आणि लोक काय म्हणतले?” मालवणजवळच्या गावातून आमच्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला आलेल्या आईने बसता बसता विचारलं. मुलाला दहावीला ६७ टक्के, गणितात ५८. त्याला वीजतंत्री व्हायचं होतं, तर मुंबईचे मोठे काका अकरावी सायन्सवर अडून बसले होते. वडील ट्रॉलरवर खलाशी. जून-जुलैत मासेमारी बंद असते, म्हणून तेही सोबत आले होते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

जूनमध्ये हा प्रश्न घेऊन येणारं हे एकच घर नसतं. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. त्याचा अभिमान वाटावा असंच ते आहे. पण त्यामुळे ‘साठच्या वर टक्के असलेलं पोर आयटीआयला कशाला?’ हा प्रश्न घराघरात पक्का बसला आहे. मुलाचा कल काय, हे त्यानंतर विचारलं जातं, आणि कधी कधी विचारलंही जात नाही.

आम्ही कागदावर वयाच्या तीन रेघा ओढल्या. पहिली रेघ अकरावी, बारावी, बीएस्सीची. त्यात पहिली नोकरी शोधायला लागताना मुलगा २१ वर्षांचा असेल, आणि तेव्हाही हातात कोणतं काम येतं हा प्रश्न उरेलच. दुसरी दहावीनंतर थेट तंत्रनिकेतनाची. तीन वर्षांत, म्हणजे १९व्या वर्षी डिप्लोमा. तिसरी आयटीआयची. दोन वर्षं ट्रेड आणि एक वर्ष शिकाऊ उमेदवारी धरली, तर १९व्या वर्षी हातात प्रमाणपत्र आणि कारखान्यातला अनुभव. आयटीआय झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. मध्ये उमेदवारी केली नाही तर तो डिप्लोमा विसाव्या वर्षी होतो आणि त्याच्या जोरावर इंजिनिअरिंग पदवीच्या दुसऱ्या वर्षालाही जाता येतं.

म्हणजे शिक्षण तिथे थांबत नाही. पण आईवडिलांना बरं वाटावं म्हणून अर्धंच सांगणं योग्य नाही. डिप्लोमाच करायचा हे आधीच नक्की असेल, तर आयटीआयमार्गे एक वर्ष जास्त जातं. शिवाय थेट दुसऱ्या वर्षाला गेलेली मुलं हाताने कच्ची नसतात, ती गणितात अडकतात. दोन वर्षं त्रिकोणमिती बंद, पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस तर बघितलेलंच नसतं, आणि समोर एकदम पुढची गणितं येतात. अर्थतज्ज्ञ हनुशेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ११ देशांची आकडेवारी मांडली, तिच्यातही अशा दोन बाजू दिसतात: व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांना काम लवकर लागतं, पण तंत्र बदलत गेलं की उतारवयाकडे ते मागे पडू शकतात. म्हणून या मुलाला पहिल्याच भेटीत सांगितलं, रोज अर्धा तास गणित, वही वेगळी, सुट्टी नाही.

मग खरा प्रश्न आला. याला हे काम आवडतं की नुसती पुस्तकं नकोत? पंख्याचा स्विच उघडून बसणाऱ्या प्रत्येक मुलाला वीजतंत्री व्हायचं असतं असं नाही. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी त्याला आठ दिवस बाजारातल्या मोटर वाइंडरकडे, म्हणजे जळलेल्या मोटरमध्ये नवी तार भरणाऱ्याकडे बसवलं. एक एचपीचा जळलेला मोनोब्लॉक पंप होता. जुनी तार कापून काढायची, प्रत्येक कॉइलचे वेढे मोजायचे, मायक्रोमीटरने तारेचा गेज बघायचा, खाचांत इन्सुलेशनचा कागद बसवून नवी कॉइल भरायची आणि वर वार्निश. वेढे कमी पडले तर मोटर जास्त अँपिअर ओढते आणि तापते. आमच्याकडे पावसात वार्निश लवकर वाळत नाही. ओल राहिली की मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर, ते कमी दाखवतं. वाइंडरने नंतर सांगितलं, पाचव्या दिवशी पोराचा एका कॉइलमध्ये हिशेब चुकला, त्याने न सांगता ती उलगडली आणि पहिल्यापासून मोजली. आमच्या दृष्टीने ही खूण टक्क्यांपेक्षा मोठी.

संस्था बघायला वडिलांनाच पाठवलं, चार प्रश्न लिहून देऊन. ट्रेडला केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी) संलग्नता आहे का? निदेशकाची, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्याची जागा भरलेली आहे का? वीसच्या तुकडीत वाइंडिंगचं काम प्रत्येकाच्या हातात येतं, की चौघं करतात आणि बाकीचे बघतात? शिकाऊ उमेदवारीला मुलं कुठे जातात? वीजतंत्री ट्रेडला वर्षाचे १२०० तास असतात आणि त्यातले ८४० प्रात्यक्षिकाचे. निदेशक नसेल तर हेच तास वाया जातात आणि मुलगा प्रमाणपत्र घेऊन कोराच बाहेर पडतो. असं झालेलं पाहिलं की फार वाईट वाटतं, कारण दोष मुलाचा नसतो.

मुलगा आता दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात आई पुन्हा आली, सोबत वडील आणि मुलगाही. वाइंडर म्हणतो, परीक्षा झाली की रोजंदारीवर ये, पहिल्या दिवसापासून पैसे. घरात पैशांची गरज आहे, त्यामुळे हा मोह समजतो. तरी आमचं मत ठाम आहे, आधी शिकाऊ उमेदवारी. ती १९६१च्या कायद्याखाली करार नोंदवून होते, विद्यावेतन मिळतं आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. दुकानात बिननोंदीचं वर्ष काढलं तर हात सुधारतो, पण कागदावर काहीच उरत नाही.

दुसरं काम बारावी समकक्षतेचं. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यांना मंडळाच्या भाषा विषयांची परीक्षा देऊन ती मिळते. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदासाठी दहावी आणि आयटीआय चालतं, पण इतर कितीतरी भरतींत बारावी मागतात, आणि मग अर्जाच्या शेवटच्या दिवशी धावपळ होते.

“आणि मुंबयच्या भावजींका काय सांगू?” जाता जाता तिने विचारलं. त्यांना वयाच्या रेघांचा तोच कागद दाखवा, म्हटलं. वडिलांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि मुलाला विचारलं, “गणिताची वही खंय हा?” त्याने ती पिशवीतून काढून दिली. शेवटची तारीख आदल्या दिवसाची होती.