सह्याद्रीत दरडी वाढण्यामागे हवामान बदल आहे की माणसाने केलेली डोंगरफोड?

दोन्ही, मात्र ‘अमुकच कारण’ असे एका दरडीवर बोट ठेवून सांगणे अवघड असते. सह्याद्रीच्या बेसॉल्ट खडकावर झिजून तयार झालेल्या माती-मुरुमाचा थर असतो. त्यात पाणी मुरत जाते, खालच्या कठीण खडकाशी अडते, आणि दाब वाढल्यामुळे मातीची पकड सुटून अख्खा उतार खाली येतो. म्हणूनच महिनाभराच्या रिपरिपीपेक्षा एक-दोन दिवसांची अतिवृष्टी अधिक घातक ठरते. हवेचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे अशा अतिवृष्टीला बळ मिळते.

उताराचा पायथा तोडून काढलेले रस्ते, सपाटीकरण आणि अडवलेले ओढे हे धोका वाढवतात, हे खरेच. तरीही माळीण (२०१४), तळीये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) या तिन्ही दुर्घटना जुलैतल्या मुसळधार पावसातच घडल्या, आणि इर्शाळवाडीपर्यंत तर गाडीरस्ताही नव्हता.

गावकऱ्यांनी जमिनीला पडलेल्या नव्या भेगा, कललेली झाडे व खांब आणि अचानक गढूळ झालेले झरे यांकडे लक्ष ठेवावे. यांपैकी काहीही दिसल्यास आदेशाची वाट न पाहता, शक्यतो दिवसाउजेडी, घर सोडावे.