वाचकांचे प्रश्न : एडिटरचे शॉर्टकट आणि बोटांचे वळण

प्रश्न : मी अनुवादाचे आणि थोडेफार प्रोग्रॅमिंगचे काम दिवसभर एकाच टेक्स्ट एडिटरमध्ये करते. गेल्या काही वर्षांत जशी अडचण आली तसे शॉर्टकट बदलत गेले. आता माझ्या यादीत चाळीसेक नोंदी आहेत. त्यांपैकी निम्म्या आठवत नाहीत आणि उरलेल्यांत गल्लत होते. सगळे पुसून मूळ मांडणीवर परत जावे, की यातूनच काही सुसंगत घडवता येईल?

उत्तर : पुसण्याची घाई करू नका; मात्र आहे त्या यादीत आणखी भर घालणेही थांबवा. तुमच्या वर्णनावरून असे दिसते, की प्रत्येक शॉर्टकट ठरवताना ‘आज कोणती कळ मोकळी आहे’ एवढेच तुम्ही पाहिले. त्या दिवसापुरते ते सोयीचे असते, पण असे चाळीस वेळा केल्यावर पदरी पडतात ती चाळीस सुटी पाठांतरे. पाहायला हवे होते ते हे, की ही क्रिया कोणत्या जातीची आहे आणि त्या जातीच्या बाकीच्या क्रिया कोणत्या कळीखाली बसवल्या आहेत.

अशी व्यवस्था तुम्ही न शिकताच रोज वापरत आहात. विंडोज किंवा लिनक्सवर बाणाची कळ नुसती दाबली तर कर्सर एक अक्षर सरकतो आणि कंट्रोलसह दाबली तर एक शब्द. शिफ्ट जोडली की सरकता सरकता मजकूर निवडला जातो, आणि दोन्ही जोडल्या की तो शब्दाशब्दाने निवडला जातो. या चार गोष्टी कोणी चार म्हणून पाठ करत नाही, कारण त्यांत अर्थ दोनच आहेत : कंट्रोल म्हणजे मोठे पाऊल आणि शिफ्ट म्हणजे धरून ठेवणे. होम आणि एंड या कळांनाही तोच नियम लागू पडतो, त्यामुळे कंट्रोल-शिफ्ट-एंड दाबल्यावर कर्सरपासून फाइलच्या शेवटापर्यंतचा मजकूर निवडला जाईल, हे आधी कधी न दाबताही सांगता येते. हालचाल नसते तेथे शिफ्ट बहुधा उलट दिशा दाखवते : टॅबने ओळ आत सरकते आणि शिफ्ट-टॅबने बाहेर येते, अनेक एडिटरांत एफ-३ पुढचा सापडलेला शब्द दाखवते आणि शिफ्ट-एफ-३ मागचा.

तुमच्या स्वतःच्या शॉर्टकटनाही असाच अर्थ द्यायचा आहे. त्यासाठी आठवडाभर शेजारी कागद ठेवा आणि प्रत्यक्ष वापरलेला प्रत्येक शॉर्टकट त्यावर टिपा. जे कागदावर येणार नाहीत ते काढून टाकायला हरकत नाही. उरलेले जातीनुसार वेगळे करा : हालचाल, ओळीवरच्या क्रिया, शोध, फाइली व खिडक्या, आणि ज्यांना मुळात शॉर्टकटच नव्हता अशा तुमच्या खास आज्ञा. मग प्रत्येक जातीला एक कळ नेमून द्या. उदाहरणार्थ, व्हीएस कोडमध्ये विंडोजवर आल्ट आणि वर-खालचा बाण यांनी ओळ उचलून वर-खाली नेता येते, आणि त्यात शिफ्ट मिळवली की ओळीची प्रत तयार होते. म्हणजे ‘आल्ट म्हणजे ओळ’ ही सुरुवात त्या एडिटरनेच करून ठेवली आहे. ओळ खोडण्याची क्रिया मात्र कंट्रोल-शिफ्ट-के या तिसऱ्याच ठिकाणी आहे. ती आल्ट-डिलीटवर आणली, तर ओळीचे सगळे कुटुंब एका कळीखाली नांदू लागते. आल्टबरोबर अक्षरे घेताना मात्र जपावे, कारण विंडोजवर आल्ट-एफसारख्या जोड्या मेनू उघडण्यासाठी राखलेल्या असतात.

शेवटच्या जातीसाठी, म्हणजे खास आज्ञांसाठी, एकेकट्या कळा शोधत बसण्यात अर्थ नाही. त्यांना एक सामाईक उपसर्ग, म्हणजे आधी दाबायची एक कळ, द्यावा आणि त्यानंतर एक अक्षर ठेवावे. इमॅक्स या एडिटरमध्ये कंट्रोल-सी आणि त्यापुढे एक साधे अक्षर ही जागा वापरणाऱ्यासाठीच राखून ठेवण्याचा संकेत आहे. एफ-५ ते एफ-९ या कळाही, दुसरी कळ न जोडता दाबल्यास, तशाच राखीव आहेत. व्हिममध्ये हे काम ‘लीडर’ कळ करते. ती बदलली नसेल तर बॅकस्लॅश असते. व्हीएस कोड स्वतः कंट्रोल-के हा उपसर्ग वापरतो : त्यापाठोपाठ कंट्रोल-सी दाबले की ओळ कॉमेंट होते (म्हणजे प्रोग्रॅम चालताना वगळली जाते), कंट्रोल-यू दाबले की कॉमेंट उठते. उपसर्गानंतरचे अक्षर क्रियेच्या नावावरून घ्यावे. ते नाव मराठी असले तरी चालते; माझ्याकडे ‘के’ म्हणजे खोडणे आणि ‘जे’ म्हणजे जोडणे आहे. फक्त निम्मी नावे मराठी आणि निम्मी इंग्रजी ठेवू नयेत, नाहीतर दर वेळी आधी भाषा आठवावी लागते.

येथे एक खाचखळगा आहे. जी कळ उपसर्ग आहे, तिलाच एकटीने करायचे काम देऊ नये. व्हिममध्ये लीडरनंतर ‘डी’ला एक काम आणि ‘डीडी’ला दुसरे काम दिले, तर पहिले काम लगेच होत नाही, कारण दुसरा ‘डी’ येतो का याची व्हिम वाट पाहत राहतो. मूळ मांडणीत ही वाट १००० मिलिसेकंदांची, म्हणजे पूर्ण एका सेकंदाची असते. एडिटर मंदावला असे म्हणणाऱ्यांपैकी काही जण हा सेकंद स्वतःच्याच हाताने घालून बसलेले असतात.

प्रश्न : मला कामासाठी दोन-तीन वेगवेगळे एडिटर वापरावे लागतात. सवयीने कंट्रोल-डी दाबतो आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी वेगळेच घडते. सगळीकडे एकसारखे करता येईल का?

उत्तर : तुम्ही नेमकी सर्वांत वाईट कळ निवडली आहे. व्हीएस कोड आणि सब्लाइम टेक्स्टमध्ये कंट्रोल-डी निवडलेल्या शब्दाची पुढची जागाही निवडीत घेते. नोटपॅड प्लस प्लस आणि इंटेलिजेमध्ये ती ओळीची दुसरी प्रत काढते. एक्लिप्समध्ये ती ओळ खोडते. इमॅक्समध्ये कर्सरपुढचे एक अक्षर जाते, व्हिममध्ये पान अर्ध्याने खाली सरकते आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकून संगणक चालवण्याच्या खिडकीत, रिकाम्या ओळीवर दाबली तर त्या आज्ञा वाचणारे शेल बंद होते. ‘प्रत काढ’ आणि ‘खोडून टाक’ हे दोन अर्थ एकाच कळीवर असणे किती महागात पडते, हे मी स्वतः एका सकाळी अनुभवले आहे. वाक्यांची प्रत काढतो आहे या समजुतीने मी पडद्याकडे न पाहता ती कळ दाबत राहिलो आणि पाच-सहा ओळी घालवून बसलो. अन-डूने त्या परत आल्या. तो विश्वास मात्र अजून पुरता परतलेला नाही.

सगळे एडिटर पूर्णपणे एकसारखे करण्याच्या फंदात पडू नका. प्रत्येकाच्या आज्ञा वेगळ्या असतात आणि एकाची हुबेहूब नक्कल दुसऱ्यात करू गेल्यास त्या दुसऱ्याचे बळ वाया जाते. ज्या दहा-बारा क्रिया सगळीकडे सारख्याच आहेत, म्हणजे ओळ खोडणे, ओळीची प्रत काढणे, ओळ हलवणे, कॉमेंट करणे, फाइल नावाने उघडणे, ठरावीक ओळीवर जाणे, एवढ्याच सर्वत्र एका कळीवर आणा. कंट्रोल-डी तर सगळीकडून सरळ काढून टाकावी आणि काही आठवडे तिला कोणतेच काम देऊ नये. कळ दाबून काहीच न घडल्यास बोट लवकर सुधारते, पण चुकीचे काहीतरी घडत राहिले तर सुधारत नाही.

कापणे, चिकटवणे आणि मागे घेणे यांच्या कळांना मात्र हात लावू नये. कापणे-चिकटवणे ही कल्पना १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर यांनी सहकाऱ्यांबरोबर घडवली. पुढे ॲपलच्या यंत्रांवर झेड, एक्स, सी, व्ही ही खालच्या ओळीतली एकमेकींशेजारची अक्षरे त्या कामांना मिळाली आणि आज ती एडिटरबाहेरच्या प्रत्येक चौकटीत चालतात. ती फक्त एडिटरमध्ये बदलणे म्हणजे उरलेल्या सगळ्या संगणकाशी विसंगत होणे. गोंधळ खरा आहे तो ‘पुन्हा करा’ या क्रियेचा, कारण काही ठिकाणी ती कंट्रोल-वायवर असते आणि काही ठिकाणी कंट्रोल-शिफ्ट-झेडवर. तेथे निवड करू नका. दोन्ही कळांना तेच एक काम द्या.

प्रश्न : मी दिलेला शॉर्टकट एका प्रकारच्या फाइलमध्ये चालतो आणि दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये चालत नाही. मांडणी तर एकाच ठिकाणी लिहिली आहे. असे का होते?

उत्तर : शॉर्टकट म्हणजे कळ आणि क्रिया यांची जोडी, असे आपण समजतो, प्रत्यक्षात त्यात परिस्थिती हा तिसरा घटकही असतो. व्हीएस कोडमध्ये प्रत्येक नियमाला ‘व्हेन’ नावाची अट जोडता येते. कळ दाबली की नियम खालून वर तपासले जातात आणि ज्या पहिल्या नियमाची अट खरी ठरते, तो लागू होतो. तुमचे नियम मूळ नियमांच्या खाली जोडले जात असल्याने एरवी तेच जिंकतात. तरीही काही प्रकारच्या फाइलींत ते हरत असतील, तर बहुधा त्यांच्या अटीतच विशिष्ट भाषेचे नाव आले आहे. कोठून तरी नियम जसाच्या तसा उचलला की हे हमखास होते. ती अट काढा किंवा सैल करा. दुसऱ्या आज्ञेने कळ अडवली असेल, तर तिच्या नावाआधी वजाचे चिन्ह लावून वेगळा नियम लिहिल्यास ती आज्ञा त्या कळीवरून उठते. कंट्रोल-के आणि पाठोपाठ कंट्रोल-एस दाबल्यावर सगळ्या शॉर्टकटचा तक्ता उघडतो. त्यात कळीच्या नावाने शोधले, की तिच्यावर किती जणांनी हक्क सांगितला आहे ते एका नजरेत दिसते.

इमॅक्समध्ये उतरंड वेगळी आहे : आधी मायनर मोडच्या (वरून जोडलेल्या छोट्या सोयींच्या) कळा, मग मेजर मोडच्या (त्या प्रकारच्या फाइलीसाठीच्या मुख्य मांडणीच्या) आणि सर्वांत शेवटी सार्वत्रिक. तुम्ही सार्वत्रिक मांडणीत लिहिलेली कळ एखाद्या मेजर मोडने सहज झाकली जाते. टिपणे आणि याद्यांसाठीचा ऑर्ग मोड हा शिफ्ट आणि बाण यांच्या जोड्या असाच स्वतःकडे घेतो. कंट्रोल-एच आणि त्यानंतर ‘के’ दाबून संशयित कळ दाबली, की ती आत्ता, या फाइलमध्ये, कोणती आज्ञा चालवते ते कळते. व्हिममध्ये ‘व्हर्बोज मॅप’ ही आज्ञा कळीच्या नावासह दिल्यास तो नियम शेवटी कोणत्या फाइलने लिहिला तेही सांगितले जाते. अंदाज बांधत बसण्यापेक्षा एडिटरलाच विचारावे.

प्रश्न : कार्यालयात विंडोज आणि घरी मॅक आहे. एकच मांडणी दोन्हीकडे नेता येईल का?

उत्तर : अर्थ न्यावेत, कळा जशाच्या तशा नेऊ नयेत. मॅकवर आल्टच्या जागी असलेल्या ऑप्शन कळीसह अक्षर दाबले की बहुधा विशेष चिन्ह उमटते, म्हणून विंडोजवरची आल्ट-अक्षराची योजना तेथे लंगडी पडते. विंडोजवर उजवीकडची आल्ट-जीआर ही कळ कंट्रोल आणि आल्ट एकत्र दाबल्यासारखी मानली जाते, म्हणून ज्या कीबोर्ड-मांडण्या आल्ट-जीआरने चिन्हे उमटवतात, त्यांच्याशी कंट्रोल-आल्ट-अक्षर हे शॉर्टकट भांडतात. दोन्ही यंत्रांसाठी दोन फाइली ठेवा. सब्लाइम टेक्स्टमध्ये त्या नावानिशी वेगळ्याच असतात आणि व्हीएस कोडचे सिंकही शॉर्टकट मुळातच प्रत्येक प्रणालीसाठी निराळे ठेवते. प्रत्येक नियमाशेजारी तो का लिहिला याचे एक वाक्य कॉमेंट म्हणून टाका आणि या फाइली गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेत, ठेवा.

प्रश्न : टर्मिनलमध्ये चालणाऱ्या एडिटरमध्ये मी कंट्रोल-आयला एक काम दिले, तर टॅबही तेच काम करू लागली. हा दोष कोणाचा?

उत्तर : कोणाचाच नाही, त्या दोन्ही कळा टर्मिनलच्या लेखी एकच आहेत. पारंपरिक टर्मिनल कळ पाठवत नाही, तिचा आस्की क्रमांक, म्हणजे अक्षरांच्या ठरलेल्या तक्त्यातला क्रमांक, पाठवते, आणि कंट्रोलसह अक्षर दाबले की वर्णमालेतला त्या अक्षराचा क्रमांक जातो. आय नववे अक्षर, आणि ९ हा टॅबचा क्रमांक. एम तेरावे, म्हणून कंट्रोल-एम म्हणजे एंटर. कंट्रोल आणि डावा चौकटी कंस मिळून २७ होतात, म्हणजे एस्केप. याच कारणाने कंट्रोल-शिफ्ट-अक्षर आणि कंट्रोल-अक्षर यांतला फरकही तेथे सहसा पोहोचत नाही. टर्मिनल आणि खिडकीतला एडिटर दोन्ही वापरत असाल, तर सामाईक मांडणीतून या जोड्या सुरुवातीलाच वगळा.

प्रश्न : देवनागरी टंकलेखन चालू असताना व्हिमच्या आज्ञा चालत नाहीत, दर वेळी कीबोर्ड इंग्रजीवर न्यावा लागतो. उपाय आहे का?

उत्तर : आहे. व्हिमच्या नॉर्मल मोडमध्ये अक्षर हीच आज्ञा असते. कीबोर्ड देवनागरीवर असताना ‘डी’च्या जागी त्या कळीवरचे देवनागरी अक्षर पोहोचते आणि व्हिमला त्याचा अर्थ माहीत नसतो. ‘लँगमॅप’ या पर्यायात कोणते अक्षर कोणत्या आज्ञेसाठी मानावे हे लिहून ठेवता येते. ते एकदाच करावे लागते, पण काम चिकाटीचे आहे. इमॅक्स वापरणाऱ्यांची गोष्ट सोपी आहे. तेथे कीबोर्ड इंग्रजीच राहू द्यावा आणि कंट्रोल-बॅकस्लॅशने इमॅक्सची स्वतःची ‘देवनागरी-इनस्क्रिप्ट’ पद्धत चालू करावी, म्हणजे मजकूर देवनागरीत उमटतो आणि कंट्रोलच्या आज्ञा इंग्रजीच राहतात. व्हीएस कोडमध्ये नियम लिहिताना अक्षराऐवजी कळीची जागा देता येते. चौकटी कंसात ‘की’ हा शब्द आणि त्याला जोडून इंग्रजी मांडणीतले अक्षर असे लिहिले, की पडद्यावर त्या कळीने कोणतेही अक्षर उमटत असले तरी शॉर्टकट त्याच जागेवर चालतो.