शेवट पाठ असलेली थरारकथा

प्रश्न : ताई, बँकेतून निवृत्त झालो आणि बावला खून प्रकरणावर थरारक कादंबरी लिहायला घेतली. १९२५ साली इंदूरहून गेलेल्या माणसांनी मुंबईत मलबार हिलवर, महाराजांच्या दरबारातून निघून गेलेल्या नर्तकी मुमताज बेगमला पळवू पाहिलं, त्यात तिच्यासोबतचा व्यापारी बावला मारला गेला आणि पुढच्या वर्षी इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकरांनी गादी सोडली. मित्र म्हणतात, हे तर राजवाड्यावरच्या पोरासोरांनाही ठाऊक. रहस्य उरलं कुठे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : इंग्रज थरारकथाकार फ्रेडरिक फोर्साइथला प्रकाशकांनी हेच ऐकवलं होतं. हवाई दलात वैमानिक, मग रॉयटर्स वृत्तसंस्थेचा पॅरिसमधला बातमीदार, मग बीबीसी. नायजेरियातल्या बियाफ्राच्या युद्धावरून तिथे बिनसलं. १९७० च्या जानेवारीत कडकीत असताना त्याने ३५ दिवसांत ‘द डे ऑफ द जॅकल’ लिहून काढली. विषय, फ्रान्सचे नेते द गॉल यांच्या खुनाचा कट. द गॉल तेव्हा चांगले जिवंत! मारेकरी फसणार हे वाचकाला आधीच माहीत, म्हणून हस्तलिखित परत येत राहिलं. १९७१ मध्ये छापलं गेलं आणि तुफान खपलं.

कारण वाचक अडकतो तो मारेकऱ्याच्या खोट्या पासपोर्टात. लहानपणीच वारलेल्या मुलाचं नाव कबरस्तानात शोधायचं, त्याचा जन्मदाखला मागवायचा, त्यावर पासपोर्ट काढायचा. ही पळवाट ब्रिटनमध्ये खरोखरच होती. पुढे २०१५ च्या आत्मचरित्रात त्याने ब्रिटिश हेरखात्याची कामं केल्याचंही सांगितलं. मला त्याचं फारसं अप्रूप नाही. हेर पुष्कळ असतात, दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो हे विचारत फिरणारे लेखक कमी.

तुम्ही बँकेतले, तर पैशाचा माग धरा. मुंबईतला मुक्काम, मोटार, पेट्रोल. खर्च कुठल्या खात्यावर पडला, कुणाच्या सहीने? आरोपींतले बरेच जण संस्थानचे नोकर. त्यांना रजा कुणी दिली? गोल्फ खेळून परतणारे गोरे अधिकारी ऐन वेळी हल्ल्याच्या जागी टपकले, हा योगायोग कल्पनेतला असता तर मीच खोडायला सांगितला असता. खरा आहे, राहू द्या.

मात्र महाराजांवर खटला कधी चाललाच नाही. चौकशी आयोग की गादी, यात त्यांनी गादी सोडली. तेव्हा त्यांच्या तोंडी हुकूम घालू नका. खालच्या माणसांनी काय समजून घेतलं, तेवढंच लिहा. आणि होळकरांच्या वैभवाची पहिली चार पानं काढून टाका, मोटारीला मोटार धडकते तिथून सुरू करा.