आजोबांची पद्मिनी चार वर्षं उभी आहे, नागपूरच्या हिवाळ्यात कामाला कुठून सुरुवात करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी चार वर्षांपासून घरच्या शेडखाली उभी आहे. दिवाळी झाली की काम काढायचं आहे. रंग, सीट, एसी, नवे हेडलाइट असं बरंच डोक्यात आहे. एका हिवाळ्यात सगळं होईल का आणि आधी काय करावं?

माझ्याकडे १९७६ ची पद्मिनी आहे, बाबांनी घेतलेली. गेले नऊ हिवाळे मी तिच्यावर काम करतोय. त्यावरून सांगतो, सगळं एका हिवाळ्यात करायला जाऊ नका. या वर्षी गाडी नीट थांबली पाहिजे, नीट चालली पाहिजे आणि तिचा पत्रा गंजायचा थांबला पाहिजे. रंग पुढच्या हिवाळ्यात. आणि जे काही नवीन बसवाल ते उद्या काढून मूळ वस्तू परत लावता येईल असंच बसवा. असं का म्हणतो ते खाली येईलच.

थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून तिकडचे लोक जुन्या गाड्या चार-पाच महिने गॅरेजात बंद ठेवतात आणि तेवढ्यात सगळी उघडून बसतात. आपलं तसं नाही. मे महिन्यात ४५ अंशांत पत्र्याला हात लावता येत नाही आणि पावसाळ्यात उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. दिवाळी ते होळी हे चार महिने आपल्याकडे कामाचेही आणि गाडी चालवायचेही. म्हणून एक वेळी एकच काम उघडा, ते पुरं करा, गाडी चालवून पाहा, मग पुढचं. पूर्ण खोललेल्या आणि पुन्हा कधीच न जुळलेल्या गाड्या मी या शहरातच कितीतरी पाहिल्यात. नटबोल्ट डब्यात, डबे माळ्यावर, आणि कुठला बोल्ट कुठला ते सांगणारा मिस्त्री गावी निघून गेलेला.

पहिलं काम ब्रेक. यात कुठलीही तडजोड नको. त्या काळच्या पद्मिनीत चारही चाकांना ड्रम आणि ब्रेकचं सर्किट एकच. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचा दाब जातो. माझ्या गाडीचे ब्रेक मी पहिल्या वर्षी एका गॅरेजमध्ये करून घेतले होते. त्यांनी व्हील सिलिंडरमध्ये, म्हणजे चाकात ब्रेक दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरमध्ये, फक्त नवं रबर किट टाकलं, बोअर म्हणजे आतली पोकळी पाहिलीच नाही. तीन महिन्यांनी सेमिनरी हिल्सच्या उतारावर पेडल सरळ तळाला गेलं. सोबत आई होती. दुसऱ्या गिअरवर आणून, हँडब्रेक ओढत, डाव्या बाजूच्या मातीत गाडी घातली तेव्हा कुठे थांबली. त्या संध्याकाळी मी स्वतः ड्रम काढला. सिलिंडरमध्ये काळपट जेलीसारखा गाळ होता आणि बॅटरीच्या उजेडात बोअरच्या भिंतीवर मोहरीएवढे खड्डे स्पष्ट दिसत होते. असल्या खरखरीत भिंतीवर नवं रबर किती दिवस टिकणार?

ब्रेकचं ऑइल हवेतली ओल शोषतं आणि त्या पाण्याने आतला धातू खातो. चार वर्षं उभ्या गाडीत हे झालेलंच असणार असं धरून चला. चारही चाकांचे व्हील सिलिंडर आणि पेडलने दाबला जाणारा मास्टर सिलिंडर खोलायचे, बोअर पुसून बोट फिरवायचं. खड्डा लागला तर सिलिंडर नवीन घ्या किंवा टर्नरकडून आत स्टीलची स्लीव्ह (नळीसारखं अस्तर) घालून घ्या. रबरी होज तिन्हीच्या तिन्ही बदला, बाहेरून चांगल्या दिसल्या तरी आतून फुगून बंद झालेल्या असतात. डॉट-३ दर्जाचं ब्रेक ऑइल नव्या सीलबंद डब्यातलंच वापरा आणि पुढे दर दोन वर्षांनी बदला. ते रंगावर सांडलं तर रंग सोलून काढतं, तेव्हा शेजारी पाण्याची बादली असू द्या. आणखी एक, जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं फेकून द्या. मिस्त्री म्हणेल, आम्ही तर रोजच उडवतो. तरी नकोच.

दुसरं पेट्रोल. चार वर्षांपूर्वीचं पेट्रोल टाकीत असेल तर स्टार्टर मारायच्या आधी ते काढा. झाकण उघडल्यावर वॉर्निशसारखा वास आला तर टाकी उतरवूनच धुवा. आजकाल पंपावर मिळणाऱ्या ई-२० मध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि आपल्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या, इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरमधलं पंप डायफ्राम हळूहळू मऊ करतं, शिवाय पाणी ओढतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि गंज तिथूनच लागतो. नळ्या घेताना एसएई जे३० आर९ दर्जाची लिहिलेली घ्या, तिच्या आतला थर इथेनॉलला टिकतो. साधी काळी नळी स्वस्त पडते, पण वर्षभरात तिच्यावर भेगा येतात आणि खाली गरम एक्झॉस्ट असतो. सोलेक्स कार्बोरेटरचं किट आणि पंपाचा पडदाही याच वेळी बदलून टाका.

इंजिन फिरवण्याआधी चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी चौथ्या गिअरमध्ये गाडी हाताने पुढेमागे करून बघा, इंजिन मोकळं फिरलं तर प्लग बाहेर ठेवूनच स्टार्टर मारा, ऑइलचा दाब येऊ द्या. मग नवं ऑइल, नवा फिल्टर. आमच्याकडे २०डब्ल्यू-४० घालतो, चांगलं चालतं. हे १०८९ सीसीचं इंजिन दणकट आहे, चार वर्षं उभं राहून सहसा जाम होत नाही. हाफ इंजिन (इंजिन अर्धं खोलून दुरुस्ती) करायचं म्हणून कोणी मागे लागलं तर आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजायला लावा आणि चारही आकडे स्वतः लिहून घ्या.

रेडिएटरचं मात्र लक्षात ठेवा. या इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. साधं पाणी घातलं की दोन धातूंच्या मध्ये हेड खायला सुरुवात होते. त्यात आपल्याकडचं बोअरवेलचं पाणी जड, रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर बसतो. आता थंडीत काटा वर जात नाही म्हणून सगळं ठीक वाटेल, पण एप्रिलमध्ये वर्धा रोडवर दुपारी दोनला गाडी उकळेल. रेडिएटर उतरवून सळई मारून साफ करा आणि डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळून भरा. मे महिन्यात इंजिनवरच्या पेट्रोल पंपाला ओलं फडकं गुंडाळून गाडी चालवणारे जुने लोक तुम्ही पाहिले असतील. पंप तापून पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो, त्यावरचा तो उपाय. पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून (इंजिनला जोडलेल्या तापणाऱ्या पाइपांपासून) जरा दूर बांधून घेतली तर फडक्याची गरज बरीच कमी होते. हे काम आत्ताच करून ठेवा.

आता पत्रा. पद्मिनीला वेगळी चासी नाही, अख्खी बॉडीच चासी आहे. त्यामुळे तळ आणि दाराखालच्या पट्ट्या गंजल्या तर प्रश्न दिसण्यापुरता राहत नाही, गाडीचा कणाच कमजोर होतो. माझी सर्वात महागाची चूक इथेच झाली. मी आधी रंग करून घेतला होता, मूळचाच फिका निळा, फार सुंदर झाला होता. पुढच्या वर्षी रामटेकहून येताना ड्रायव्हरच्या पायाखालचा रबर मॅट ओला लागला. उचलून पाहिलं तर क्लचच्या खाली रुपयाएवढं भोक आणि भोवती हाताने चुरा होईल असा पत्रा. वेल्डिंग करताना दाराखालचा नवा रंग हातभर जळला. आमच्या सदर भागातल्या म्हाताऱ्या डेंटर चाचांनी तेव्हा विचारलं होतं, "भाऊ, पहिले रंग काहून मारला? पायाखाली काय आहे ते तर पाहायचं होतं."

तुम्ही या रविवारीच मॅट आणि त्याखालचं नमद्याचं कापड काढा. एक पेचकस घ्या आणि तळावर, चारही जॅक पॉइंटपाशी, मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) शॅकलजवळ, म्हणजे त्या बॉडीला जोडतात तिथे, डिकीत स्टेपनीच्या खाली टोचून पाहा. चांगला पत्रा टणक वाजतो, कुजलेला दबतो. बाहेरच्या बाजूला एक लहान लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे, म्हणजे खाली जुना ठोका किंवा गंज आहे. त्या जागांवर खडूने खूण करा आणि फोटो काढा.

कुजलेल्या जागेवर पत्र्याचा तुकडा वरून चिकटवायला कोणालाही देऊ नका. कुजका भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा, त्याच मापाचा नवा तुकडा बसवून सीओटू वेल्डिंगने जोडायचा. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा वाकडा होतो. नंतर इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलंट, मग खालून अंडरकोट. दाराखालच्या पाणी निघायच्या छिद्रांवर अंडरकोट जाऊ देऊ नका. ती बुजली की पावसाचं पाणी आतच साचतं, आणि मग चांगला केलेला पत्राही तीन पावसाळ्यांत परत जातो.

रंग पुढच्या डिसेंबरात, आणि तोही सकाळी ११ ते दुपारी ४ च्या मध्ये. इथे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली येतो, २९ डिसेंबर २०१८ ला तर ३.५ अंशांवर गेला होता. गार पत्र्यावर पहाटेचा ओलावा असतो, त्यावर मारलेला रंग पांढुरका पडतो. दुपारची कोरडी हवा मात्र रंगाला फार छान. पीयू (पॉलियुरेथेन) रंग असेल तर पेंटरला साधा रुमाल बांधून काम करू देऊ नका, योग्य फिल्टरचा मास्क तुम्ही आणून द्या.

आता अपग्रेड आणि मूळपणाचा मुद्दा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांची तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली आणि मोठे बदल न केलेली गाडी त्यात बसते. तिला व्हीए मालिकेचा वेगळा नंबर मिळतो आणि नोंदणी दहा वर्षांची होते. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. तुमची गाडी २०२८ मध्ये पन्नाशीची होईल. तेव्हा तो रस्ता घ्यायचा की नेहमीची नोंदणी चालू ठेवायची ते ठरवा, पण आज इंजिन किंवा बॉडी बदललीत तर ती निवडच उरणार नाही. म्हणून डिझेल इंजिन, फ्लोअर गिअर (स्टिअरिंगजवळचा गिअर खाली आणणं), दारं कापून केलेले खेळ, यातलं काही नको. एसीही नको. एवढ्याशा इंजिनवर कॉम्प्रेसरचं ओझं टाकलं की चढावर गाडी दम टाकते आणि उन्हाळ्यात गरम होते.

हेडलाइटला रिले बसवा, म्हणजे स्विचऐवजी स्वतः जास्त करंट वाहणारा छोटा विजेचा स्विच. मूळ वायरिंगमधून सगळा करंट स्विचवर जातो, त्यात व्होल्टेज पडतं आणि दिवा पिवळट दिसतो. रिलेमुळे त्याच बल्बचा उजेड ठळक वाढतो आणि स्विच जळत नाही. वायरिंग आधी नीट पाहा, चार वर्षांत उंदरांनी काहीतरी कुरतडलंच असेल. सीबी पॉइंटच्या (ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या जुन्या संपर्कांच्या) जागी डिस्ट्रिब्यूटरमध्येच बसणारं इलेक्ट्रॉनिक किट चांगलं, पण जुने पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत जपून ठेवा. पुढच्या सीटला चांगले बेल्ट लावा. टायरवरची उत्पादनाची तारीख पाहा, नक्षी कितीही खोल असली तरी जुने कडक झालेले टायर काढून टाका. सामानासाठी कुर्ल्याचा बाजार आणि दिल्लीचं काश्मिरी गेट, या दोन ठिकाणी पद्मिनीचं बरंच अजून मिळतं. जुना भाग सोबत पाठवा किंवा त्याचे मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो पाठवा, नुसत्या नावावर मागवू नका.

कागद मात्र कामाच्या आधीच बघा. आरसी अजून आजोबांच्याच नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. नोंदणी संपली असेल तर फॉर्म २५ भरून गाडी तपासणीला न्यावी लागते आणि पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढते. पर्यावरण कर थकला असेल तर तोही भरावा लागेल. विमा आणि नोंदणी होईपर्यंत गाडी गॅरेजला टोइंगनेच न्या.

आधी मॅट उचला. पेचकसाने टोचून काय निघालं ते फोटोसह इथेच टाका, किती पत्रा कापावा लागेल आणि डेंटरला काय विचारायचं ते मी सांगतो.